ताईला अंशात धरावे किंवा कसे

आकडेवारी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक खोली होती. त्या खोलीत तीन माणसं मिळून वर्षाला चार आकडे काढत. चार म्हणजे चारच. दर तिमाहीला एक.

कोणी म्हणेल, हे काय काम झालं? पण आकडा साधा नव्हता. देशातल्या कंपन्यांचे जेवढे शेअर परदेशी लोकांच्या हातात आहेत, त्या सगळ्यांची किंमत वर लिहायची. देशाची वर्षभराची कमाई खाली लिहायची. मध्ये रेघ मारायची, भागायचं आणि टक्क्यांत मांडायचं. वरचा आकडा जमवणाऱ्या तरुणाला सगळं कार्यालय अंश म्हणे. खालचा आकडा चौथ्या मजल्यावर तयारच असे. तो फक्त खाली आणायचा, आणि ते काम छेदकाकांचं. बावीस वर्षं ते जिन्यावरून आकडा आणत होते आणि एकदाही त्यांच्या हातून तो सांडला नव्हता. राहिल्या मॅडम. त्या खात्याच्या प्रमुख, म्हणजे मधली रेघ. दोघांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचं आणि शेवटी सही करायची.

अंश सहा वर्षांपूर्वी लागला तेव्हा आकडा एकसष्ट होता. मग चौऱ्याहत्तर झाला, मग त्र्याण्णव. हा आकडा वाचणारं देशात कोणी नव्हतं, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका विरोधी सदस्याला सभागृहात झोप लागेना म्हणून त्याने समोरचा अहवाल उघडला, नेमकं तेच पान निघालं, आणि त्याने मंत्र्यांना प्रश्न विचारला. मंत्री उभे राहिले आणि म्हणाले, "हा आकडा मी शंभरावर जाऊ देणार नाही. हा माझा शब्द आहे."

शंभरावर गेल्यावर काय होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या पीएंचा खोलीत फोन आला.

"मॅडम, शंभर झाले की नेमकं काय होतं? चाव्या वगैरे द्याव्या लागतात का?"

"नाही."

"मग काय होतं?"

"एकशे एक व्हायची शक्यता वाढते," मॅडम म्हणाल्या.

छेदकाकांना राहवलं नाही. त्यांनी रिसीव्हर मागून घेतला. "साहेब, तुमचं घर केवढ्याचं? तुमच्या वर्षाच्या पगाराच्या सातपट असेल ना? म्हणजे सातशे टक्के. म्हणून काय तुम्हाला कोणी खाल्लं का? घर म्हणजे टाकीतलं पाणी, पगार म्हणजे नळाचं. परदेशी लोकांचे शेअर ही टाकी, देशाची कमाई हा नळ. टाकी नळापेक्षा मोठी झाली तर बिघडलं कुठे?"

पलीकडे कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. मग पीए म्हणाले, "म्हणजे नळ बंद करू म्हणता?"

काकांनी फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. या तिमाहीचा कच्चा आकडा आला होता नव्याण्णव पूर्णांक आठ. शब्दाची लाज राखली जाणार होती. फक्त मोठ्या भागधारकांची यादी तपासायची तेवढी राहिली होती.

ती यादी मंगळवारी सकाळी आली. अंशने पट्टी ठेवून एकेक ओळ तपासायला घेतली आणि एक्केचाळिसाव्या ओळीवर त्याची पट्टी थांबली. त्या ओळीत त्याची ताई होती.

ताई यादीत असणं नवं नव्हतं. अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, आयुष्यभर चेनचा कारखाना चालवला. पँटच्या चेन, पिशव्यांच्या चेन, तंबूच्या चेन. जाताना चाळीस टक्के शेअर त्यांनी ताईच्या नावावर केले, कारण अंश हिशेबात हुशार असला तरी लहानपणी त्याची हनुवटी एका स्वेटरच्या चेनमध्ये अडकली होती, आणि तेव्हापासून तो बटणांचेच कपडे घालत असे. अशा मुलाच्या हाती कारखाना कसा द्यायचा? पुढे कुठल्याशा बड्या कंपनीने अंतराळवीरांच्या पोशाखाला याच कारखान्याची चेन लावली, आणि शेअर चौदापट झाला. देश लहान आणि चेन मोठी, अशातली गत. ताईचा एकटीचा वाटा देशाच्या वर्षाच्या कमाईच्या सहा दशांश टक्के भरू लागला.

नवा होता तो पत्ता. सतरा महिन्यांपूर्वी ताई नवं यंत्र बसवून द्यायला परदेशातल्या एका गावात गेली होती. तीन महिन्यांसाठी. यंत्र बसलं. ताईही बसली. महिन्यातून एकदा तिचा फोन येई. आई विचारी, "कधी येतेस?" ताई म्हणे, "बघू." आई पाच पत्रं पाठवी तेव्हा एकाचं उत्तर येई, तेही इतकं थोडक्यात की पाकीटच जास्त बोलकं वाटे. तरी आई दर रविवारी ताईची चादर उन्हात टाकायची, आणि वर्ष उलटून गेल्यावरही अंश तिच्या ओळीपुढे 'तात्पुरत्या बाहेर' असं लिहायचा. ताई परत येणार की नाही, हे घरातल्या दोघांनाही जाणून घ्यायचं होतं. विचारायला मात्र दोघंही घाबरत होती.

आणि आता यादीत ताईचा पत्ता बदललेला होता. घराचा नंबर जाऊन तिथे परदेशातल्या एका गल्लीचं नाव, चौथा मजला. तिने कंपनीला कळवलं होतं. घरी कळवलं नव्हतं. अंशला आपल्या सख्ख्या बहिणीची बातमी सरकारी यादीतून मिळाली.

"काका," तो म्हणाला, "नव्याण्णव आठमध्ये सहा दशांश मिळवले तर किती होतात?"

छेदकाकांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि चष्मा काढला. "नाकापेक्षा मोती जड होतो रे बाबा."

मॅडमनी कपाटातून हिरव्या पुठ्ठ्याचं नियमपुस्तक काढलं आणि वाचायला लागल्या. परदेशी कोण? तर जो देशाबाहेर एक वर्ष किंवा अधिक राहतो, आणि तिथेच राहण्याचा ज्याचा इरादा आहे. पासपोर्टशी संबंध नाही. पत्ता हा नुसता पुरावा, निर्णय इराद्यावर. मात्र चार प्रकारची माणसं कितीही वर्षं बाहेर राहिली तरी घरचीच धरायची: रुग्ण, विद्यार्थी, जहाजावरचे कर्मचारी आणि वकिलातीतले लोक.

"तुझी बहीण यातली कोणी आहे का?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही."

"सख्खी बहीण ना?"

"म्हणून तर माहीत नाही."

"मग सरकारी फोनवरून विचार. नोंद तुझी, सही तुझी."

तिथे सकाळ असेल अशा बेताने अंशने दुपारी फोन लावला. छेदकाका साक्षीदार म्हणून शेजारी बसले, फोनचा स्पीकर चालू केला आणि समोर कागद घेतला.

"हॅलो ताई? मी कार्यालयातून बोलतोय."

"कुठल्या?"

"माझ्याच."

"बारक्या? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. हा सरकारी फोन आहे. मला तुला काही प्रश्न विचारायचेत. पहिला प्रश्न. तू आजारी आहेस का?"

"नाही रे."

"थोडीशी?"

"तुला काय झालंय?"

"दात विचार, दात," काका कुजबुजले.

"दात कसे आहेत?"

"बत्तीसच्या बत्तीस शाबूत. मागे कोण आहे? छेदकाका का? नमस्कार काका."

"नमस्कार ताई," काका जवळ सरकले. "गुडघे वगैरे?"

"उत्तम. चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, तरी एका दमात चढते."

काकांनी 'रुग्ण'वर काट मारली. इतकी धडधाकट तब्येत ऐकून एखाद्याला एवढं वाईट वाटलेलं त्या खोलीने पहिल्यांदाच पाहिलं.

"दुसरा प्रश्न. तू काही शिकतेस का?"

"शिकते ना. बुधवारी सायकलदुरुस्तीच्या वर्गाला जाते."

अंश आणि काका दोघेही ताठ बसले. "पूर्णवेळ?"

"सहा ते साडेसात."

काट.

"जहाजावर नोकरी?"

"इथे साधी नदीसुद्धा नाही."

"वकिलातीत?"

"एकदा गेले होते. पासपोर्ट नवा करायचा होता."

"किती वेळ होतीस तिथे?"

"पाच तास. रांग होती."

काकांनी 'पाच तास' असं लिहून घेतलं, त्याकडे आशेने बघितलं, आणि मग तेही खोडलं. कागदावर आता चार काटांशिवाय काही उरलं नव्हतं.

"बारक्या," ताई म्हणाली, "तुला विचारायचंय काय?"

अंशने नियमपुस्तक पुढे ओढलं. घरी विचारायचा तो प्रश्न म्हणजे 'कधी येतेस?'. त्याला 'बघू' हे उत्तर चालायचं; उलट तो प्रश्न त्या उत्तरासाठीच शिवल्यासारखा होता. पुस्तकातला प्रश्न तसा नव्हता. त्याने तो बोट ठेवून वाचला.

"सध्या आपण राहत असलेल्या देशात पुढे एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहण्याचा आपला इरादा आहे काय?"

ताईच्या मागे कुठेतरी सायकलची घंटी वाजली.

"'बघू' चालतं का?"

"नाही. 'होय' किंवा 'नाही'. दोनच चौकोन आहेत."

"हे तू भाऊ म्हणून विचारतोयस की सरकार म्हणून?"

"सरकार म्हणून," अंश म्हणाला. "भाऊ म्हणून विचारणं मला सतरा महिने जमलं नाही."

"मी मागच्या आठवड्यात फ्रिज घेतला," ताई म्हणाली.

"केवढा?"

"दोन दारांचा."

छेदकाकांनी नियमपुस्तक हळूच मिटलं. त्यात फ्रिजबद्दल एक अक्षर नव्हतं, पण काकांनी जग पाहिलं होतं. माणूस गादी भाड्याने आणतो, खुर्ची मागून आणतो. दोन दारांचा फ्रिज घेतला की विषय संपला.

"राग आला का रे?"

"सरकारला राग येत नाही."

"ऐक तरी. तिकडे मी कुठेही गेले तरी चेनवाल्यांची मुलगी. लग्नात लोक भेटायला यायचे ते अडकलेली चेन घेऊन. त्या वर्षी मला एकशे तीन ताप होता, डॉक्टरने नाडी बघायच्या आधी स्वतःची बॅग पुढे केली. 'एवढी सोडवता का?' आणि मी सोडवली, बारक्या. तापात. इथे परवा बसमध्ये एका बाईच्या पर्सची चेन अडकली. ती माझ्या शेजारी बसून चार थांबे झगडत होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. इतकं छान वाटलं मला, काय सांगू."

अंशने हनुवटीवरून हात फिरवला. ज्याची हनुवटी एकदा अडकली आहे त्याला असल्या गोष्टी चटकन कळतात.

"'होय' लिही," ताई म्हणाली. "आणि आईला तू सांग."

"ते सरकारचं काम नाही."

"मग ते भाऊ म्हणून कर."

फोन ठेवल्यावर पाचच मिनिटांत तो पुन्हा वाजला. पीए होते. मंत्री गुरुवारी सभागृहात आकडा वाचणार होते. तो नव्याण्णवच्या आतबाहेरच असेल ना? मॅडम म्हणाल्या, काम चालू आहे. मग त्या अंशच्या टेबलापाशी आल्या. "हे बघ," त्या म्हणाल्या, "इरादा माणसाच्या पोटात असतो. पोटात शिरून कोणी बघत नाही. 'फोन लागला नाही, जुनी नोंद कायम ठेवली' असं लिहिलंस तर मी सही करीन. खरं लिहिलंस तरी करीन. मला निवृत्तीला दोन महिने राहिलेत, मी कशावरही सही करते."

अंश एकटाच यादीसमोर बसला. पेन्सिलीचा एक शब्द, की ताई घरी. मंत्री खूश, पीए खूश, आई खूश. कागदावरची ताई फोनवर 'बघू' म्हणणार नव्हती. ती भांडणार नव्हती, तिला ताप येणार नव्हता, तिच्या आवडीची खुर्ची कोणी घेतली म्हणून ती रुसणार नव्हती. आणि त्याच्या लक्षात आलं की सतरा महिने आई चादर उन्हात टाकत होती ती या कागदावरच्या ताईची, आणि तिला ती चादर कधीच लागली नसती. खऱ्या ताईकडे चौथ्या मजल्यावर फ्रिज होता, बुधवारचा वर्ग होता, आणि ती तिच्या तोंडाने 'होय' म्हणाली होती.

त्याने पेन्सिल ठेवून पेन घेतलं आणि एक्केचाळिसाव्या ओळीपुढे लिहिलं: परदेशी.

आकडा झाला शंभर पूर्णांक चार दशांश. छेदकाकांनी भागाकार तीनदा केला. तो तिन्ही वेळा तेवढाच आला. गुरुवारी मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की शंभर हा आकडा मुळात आधीच्या सरकारने ठरवलेला होता. एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर 'देश कोणाचा?' असं विचारलं. एका वाचकाने संपादकांना पत्र लिहून विचारलं की घरभाडं आता नक्की कोणाकडे भरायचं. शनिवारी फुटबॉलचा सामना होता, त्यामुळे रविवारपर्यंत देश पुन्हा ज्याचा त्याचा झाला.

पण अंशचा गुरुवार घरी सुरू झाला. आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. तो समोर बसला आणि त्यानेही एक मूठ ओढून घेतली.

"आई, ताई परदेशी झाली."

"म्हणजे?"

"आमच्या आकड्यात. या तिमाहीपासून."

आईचे हात थांबले नाहीत. "आणि आकड्याबाहेर?"

"बाहेरही. मी विचारलं तिला. स्पष्ट विचारलं. ती 'होय' म्हणाली."

आईने आणखी पाच-सहा शेंगा सोलल्या. एका शेंगेत दाणेच नव्हते; तीही तिने नीट उघडून बघितली आणि बाजूला ठेवली.

"बरी आहे ना?"

"ठणठणीत. दात, गुडघे, सगळं तपासलं."

"हं." मग पुढची शेंग उचलत, "तुमचे ते परदेशी लोक असतात, त्यांचं तुम्ही करता काय?"

"काय करणार? फॉर्म पाठवतो. दर तिमाहीला. अठरा प्रश्न असतात. कायद्याने एकवीस दिवसांत भरून पाठवावा लागतो."

"नाही पाठवला तर?"

"दंड."

"आणि घरच्यांना?"

"घरच्यांना काही नाही पाठवत. घरचे आपले घरातच."

आईने हात पुसले. सतरा महिन्यांत तिने लिहिलेली पत्रं आणि आलेली उत्तरं यांचा भागाकार तिने मनातल्या मनात केला असावा.

"वर्षातून चार वेळा," ती म्हणाली. "एकवीस दिवसांत. कायद्याने." आणि मग डोळे वटारून, "अरे गाढवा, मग हे आधी का नाही केलंस?"

अंशने आणखी एक मूठ शेंगा ओढून घेतल्या.

"त्यात एक प्रश्न वाढवता येईल का?" आईने विचारलं.

येत नव्हतं; म्हणजे एकट्या ताईसाठी येत नव्हतं. सगळ्या परदेशी भागधारकांना समान वागणूक, असा नियमच होता. वाढवायचा तर सर्वांसाठी वाढवावा लागणार होता. मॅडमनी मसुदा वाचला, वर 'चाचणी प्रश्न' असं लिहिलं आणि निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यावर सही केली. अशा रीतीने पुढच्या तिमाहीचा फॉर्म तीनशे बारा परदेशी भागधारकांना गेला, त्यात एकोणिसावा प्रश्न होता: 'प्रतिसादक वेळेवर जेवतो काय?'

उत्तरं येऊ लागली. एका मोठ्या पेन्शन फंडाने वकिलांमार्फत कळवलं की त्यांच्या माहितीप्रमाणे होय, मात्र या उत्तराची जबाबदारी त्यांच्यावर राहणार नाही. एका विमा कंपनीने मुदतवाढ मागितली. कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका म्हाताऱ्या भागधारकाने, ज्याच्याकडे जेमतेम अकरा शेअर होते, दोन पानं पाठपोट लिहून कळवलं की न्याहारी होते, रात्रीचं टळतं, आणि चौकशीबद्दल सरकारचे आभार. अंशने सगळं रकान्यात भरलं. वेळेवर जेवणारे शेकडा एकाहत्तर निघाले.

ताईचा फॉर्म विसाव्या दिवशी आला. अठरा उत्तरं सुवाच्य अक्षरात, किंमत अचूक, सही तारखेसकट. एकोणिसाव्या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं: 'होय. आई जेवते का?'

छेदकाकांनी नियमपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. प्रतिसादकाने उलट प्रश्न विचारल्यास काय करावे, याची त्यात तरतूद नव्हती.

"आता?" अंशने विचारलं.

काकांनी घड्याळ बघितलं. पावणेएक झाला होता. "आता काय, जाऊन बघून ये," ते म्हणाले. "सरकारी काम आहे."

अंशने फॉर्मची घडी करून खिशात घातली, खिशाचं बटण लावलं आणि जिना उतरला.